नाक्यावरची वाट

संयोगिता साताऱ्याहून शिराळ्याजवळच्या एका गावात यायची. भाऊबंदकीतल्या खुनांमागची कारणं शोधणं हा तिच्या पीएच.डी.चा विषय होता. तिथल्या जयराजच्या थोरल्या भावाचा खून उसाच्या शेताच्या बांधाच्या वादातून झाला होता, चुलतभाऊ ऋषिराजच्या हातून. एके दिवशी घरी मुलाखत देता देता जयराज म्हणाला, "ऋषिराज उद्या जामिनावर सुटतोय, मॅडम. आमी नाक्यावर त्याची वाट बघणार हाय. जित्ता घरी जायचा न्हाई त्यो."

संयोगिताने रेकॉर्डर बंद केला. "हे मला पोलिसांना सांगावं लागेल."

"तुमी शब्द दिलाय, कुणाला सांगणार न्हाई म्हणून."

"घडून गेलेल्या गोष्टींचा दिला होता. कुणाचा जीव जाणार असेल तर गप्प बसणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

जयराज उठला आणि दाराला कडी घालून तिथंच उभा राहिला. संयोगिताने नजर खाली केली नाही.

चुलीपुढून त्याची आई, मनुबाई, उठली. "सोड तिला. एक पोरगं मातीत गेलं. आता तू जेलात जातूस व्हय?"

तो हलला नाही. तेव्हा मनुबाईनेच त्याला बाजूला ढकलून कडी काढली.

संयोगिताने स्टँडवर पोचताच पोलिसांना फोन केला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बंदोबस्त लागला आणि ऋषिराज सुखरूप घरी गेला. त्यानंतर गावात तिच्याशी कुणी बोलेना. तिचं काम तिथंच अडकलं.

महिन्याभराने मनुबाईचा फोन आला. "पोरगं रानात कामाला लागलंय. पर तू हिकडं येऊ नगंस, बाई."