रुईचा कप्पा

गेले कित्येक महिने मी झाडांची कुळं बदलते आहे. कळमनुरीच्या आमच्या कॉलेजात वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचं एक कपाट आहे, विश्वंभर सरांनी नोकरीभर भरलेलं. आता मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून जुनी कुळं मोडली, नवी बांधली. ते तिकडे मोडून मोकळे झाले, इकडे डिंकाची बाटली घेऊन बसले मी. कंबरेचा काटा ढिला झाला, आणि वर पोरं विचारतात, मॅडम, परीक्षेत कोणतं नाव लिहायचं?

सगळं बदललं, एक कप्पा सोडून. रुईचं कुळ आता वेगळं राहिलं नाही, ते कण्हेरीच्या कुळात गेलं. पण ही रुई, ही उतरणीची वेल, हे अनंतमूळ, सगळं त्याच कुळातलं, सरांनी जिल्ह्यातली माळरानं तुडवून गोळा केलेलं, आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. निवृत्त झाले तरी बाजाराच्या दिवशी सर कपाटापाशी येऊन बसतात. नजर अधू झाली आहे, कप्पे हातानेच ओळखतात. तो हात रिकाम्या कप्प्यात पडावा, हे मला सोसणार नव्हतं.

मागच्या बाजारी ते आले. रुईचं पुडकं मांडीवर घेऊन त्यांनी वरच्या कागदाची कड चाचपली. आमच्या कामात झाडाच्या नावाची, कुळाची जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. तिच्याखाली नवी चिकटवायची आणि ज्यानं ठरवलं त्यानं आपलं नाव लिहायचं, अशी रीत. सरांच्या बोटांना एकच चिठ्ठी लागली, त्यांची स्वतःची.

"हे इथंच काहून?"

तुमच्यासाठी राहू दिलं, मी म्हणाले.

सरांनी आपल्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रुईचं कुळ मोडलं, हे मला लई वर्षांपासून ठाऊक व्हतं. माझाच हात उठला न्हाई. म्हटलं, यास्मीन, तू करशील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डिंक लावून कण्हेरीच्या कुळाची नवी चिठ्ठी खाली चिकटवली. कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"खाली नाव लिही तुझं. उद्या तुझंबी कोणी मोडंल, कोणाचं मोडलं ते त्याला कळलं पाह्यजे."

सरांच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं. त्यांनी ओली चिठ्ठी बोटानं चाचपली आणि पुढचा कागद माझ्यापुढे सरकवला. अजून पुष्कळ होते.