रखमामावशींची भिंत

मित्रांनो, मी जुना कॅमेरा आहे. घासून घासून माझ्या अंगावरचं रबर सैल झालं आहे आणि बटण दाबलं की मी जरा जास्तच आवाज करतो. माझी उमेदीची वर्षं दादरच्या एका स्टुडिओत गेली. पासपोर्टचे फोटो. हनुवटी खाली, कान दिसू द्या, झालं. मालकांनी नवा कॅमेरा घेतला आणि मी कपाटात पडून राहिलो. तिथून मला अक्षताने आणलं.

अक्षता वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. परळला ऑफिसात जायची आणि सुट्टीच्या दिवशी मला गळ्यात अडकवायची. तेव्हा पाडायच्या म्हणून चाळी रिकाम्या होत होत्या. माणसं नव्या टॉवरमध्ये सामान हलवत होती. जो तो टॉवरचे, नव्या चाव्यांचे, पेढ्यांचे फोटो काढत होता. अक्षता मात्र मागे राहिलेल्या भिंतींचे काढायची. बाबासाहेबांची तसबीर उतरवल्यावर उरलेला फिकट चौकोन. स्टोव्हच्या वर चढलेली काजळी. डोकी टेकून टेकून तेलकट झालेला रंग. मी आयुष्यभर चेहरे पाहिले होते. माणूस निघून गेल्यावरही इतका दिसतो, हे मला तिच्यामुळे कळलं.

फोटो फोनवर टाकला की ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि फोन पुन्हा पुन्हा बघायची. फोटोखाली दोन-तीन लाल बदाम यायचे. त्यातला एक तिच्या धाकट्या भावाचा, प्रफुल्लचा. एकाने विचारलं, ‘खोली भाड्याने द्यायची आहे का?’ तिच्या तळव्याला फुटलेला घाम मला जाणवायचा.

“प्रफुल्ल, खरं सांग, दिसतं ना रे यात काही?”

“मला दिसतं, ताई. पण लोकांना भिंत कशाला? हळदीचे टाक ना. नाचणारी पब्लिक टाक. मग बघ.”

तिने एका हळदीचा फोटो टाकला. फोन वाजायचा थांबेना. मला वाटलं, आता ही खूश होईल. ती जास्तच घाबरली. “म्हणजे इतके दिवस माझंच चुकत होतं,” ती पुटपुटली. त्यानंतर भिंतीसमोर मला डोळ्याला लावायची आणि तशीच खाली घ्यायची.

शेजारच्या खोलीत रखमामावशी राहायच्या. त्यांचीही बांधाबांध चालली होती. एकदा त्यांनी हाक मारली, “अक्षते, माझ्या भिंतीचा पण काढ गं. सासूबाईंनी कोळशाने पोरांची उंची मांडलीय तिथं. दोघांच्या रेघा वर वर गेल्या. धनेशची तिथंच राहिली.”

धनेश लहानपणीच तापाने गेला होता. चाळीत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

“काढते मावशी. रविवारी नक्की.”

रविवारी लालबागला हळद होती. पुढच्या रविवारीही कुणाची तरी होतीच. मी पिशवीतून जात-येत राहिलो आणि मनातल्या मनात झुरत राहिलो. मला आवाज आहे, पण बटण दाबल्याशिवाय तो फुटत नाही.

मग मावशी आणि आम्हीही टॉवरमध्ये गेलो, आणि एका सकाळी चाळीच्या त्या मजल्यावर हातोडे पडू लागले. अक्षता धावत खाली गेली. धुळीत काहीच दिसत नव्हतं. मी तिच्या गळ्यात नुसता लोंबत होतो.

मावशींनी नव्या घरी चहाला बोलावलं तेव्हा ती मला घेऊनच गेली. कपबशी पुढे करत मावशी म्हणाल्या, “काढलास ना गं फोटो?”

“नाही काढला, मावशी.” अक्षताने कप तसाच खाली ठेवला. “मला वाटलं, भिंतीचा फोटो... कोण बघणार?”

“मी बघितला असता की.”

मावशी रागावल्या नाहीत, म्हणून तर ते ऐकवेना. त्या उठल्या. नव्या, पांढऱ्याशुभ्र भिंतीशी गेल्या आणि कमरेच्या जरा वर तळवा टेकवला. “इथवर आला होता,” म्हणाल्या.

अक्षताने मला उचललं. या वेळी तिने इतक्या घाईने बटण दाबलं की फोटो हललेला आला. तिने तो तसाच छापून मावशींना दिला.

ती अजूनही फोटो टाकल्यावर फोन बघत बसते. अजूनही तिच्या तळव्याला घाम येतो. पण भिंतीसमोर मला खाली घेत नाही.

मित्रांनो, कुणी भीत भीत काही तुमच्यासमोर ठेवलं, तर अंगठ्याने सरकवण्याआधी घटकाभर थांबा. आणि तुमच्या हाती माझ्यासारखा कुणी असेल, तर जे काढावंसं वाटतं ते आजच काढा. पुढच्या रविवारी भिंत असेलच असं नाही.