आपली विश्वासू

उत्कर्षाने टॅब उलटा केला आणि मागच्या चिकटपट्टीवरचा क्रमांक पुन्हा एकदा वाचला. सतरा. यादीत सतराच्या पुढे स्वरूपाचंच नाव होतं. तिने शेजारचा सोळा नंबरचा टॅबही उलटून पाहिला. तो ऋषिराजचा. घोळ कुठेच नव्हता, तरी निकाल उलटा आला होता.

आठवीच्या एकवीस मुलांची चाचणी नुकतीच संपली होती. पत्र टाइप करायचं, तक्ता भरून बेरीज लावायची, फसवा मेसेज ओळखायचा, फोटो जोडून मेल पाठवायचा, अशी दहा कामं. उत्कर्षा बारामतीच्या एका संस्थेत होती आणि कोणत्या मुलाला यातलं किती येतं हे मोजत इंदापूर तालुक्यातल्या शाळा फिरत होती. हीच चाचणी जूनमध्ये मुलांनी घरून दिली होती. तेव्हा ऋषिराजला दहापैकी दहा होते. स्वरूपाच्या घरी ना स्मार्टफोन, ना लॅपटॉप. तिने ती दिलीच नव्हती. आज ऋषिराजला दोन आणि स्वरूपाला दहा.

"टॅब बदलले असतील," मुख्याध्यापक झुंबर गुरुजी चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले. "पोरंच ती. उचलताना ह्याचा त्याला, त्याचा ह्याला."

"मी स्वतः वाटलेत, सर."

"मग मशीनचं काय तरी झालं असंल. तुमी दोघांची नावं इकडची तिकडं करा. कुणाला खोटं बी वाटायचं न्हाय."

उत्कर्षाने कपाला हात लावला नाही. ऑफिसच्या कोपऱ्यात नवा प्रोजेक्टर होता. त्यावर चिठ्ठी होती, 'श्री. युवराज यांच्याकडून शाळेस सप्रेम भेट.' युवराज म्हणजे ऋषिराजचे वडील. वस्तीवरचे मोठे पेरूवाले, हे तिला सकाळीच गुरुजींनी दोनदा सांगितलं होतं. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका शाळेत तिने बाईंना मुलांच्या पाठीमागे उभं राहून उत्तरं पुटपुटताना पकडलं होतं. तेव्हापासून कुणी जास्तीचा आग्रह केला की तिचं लक्ष त्या माणसाच्या हातांकडे जायचं. गुरुजींचे हात टेबलावरच्या रजिस्टरचा कोपरा दुमडत होते, सरळ करत होते, पुन्हा दुमडत होते.

"मुलीला पाठवा," ती म्हणाली. "एकटीला."

स्वरूपा आली आणि दारातच थांबली. बारीक अंगाची, घट्ट वेण्यांची. उत्कर्षाने तिला बसवलं आणि चाचणीत नसलेलं एक काम दिलं. पाच गावांचा पाऊस तक्त्यात भरायचा आणि त्याचा आलेख काढायचा.

मुलीने टॅब जवळ ओढला. बोटं क्षणभर काचेवर अडखळली, उजवा हात आपसूक बाजूच्या बाकावर गेला, तिथे काहीतरी चाचपल्यासारखा फिरला आणि परत आला. मग मात्र ती थांबली नाही. चार मिनिटांत आलेख तयार झाला. वर नावही दिलं होतं.

"माउस शोधत होतीस?"

स्वरूपाने तो हात मांडीवर ओढून घेतला.

"घरी लॅपटॉप आहे?"

"न्हाय."

"शाळेत शिकवतात?"

"शाळेत एकच हाय. त्यो हाफिसात असतो."

मग कुठून येतं हे सगळं? कोणी घोकून घेतलं असतं तर नवं काम जमलं नसतं. उत्कर्षाने फोनवर जूनची उत्तरं उघडली. ग्रामसेवकाला रस्त्यावरच्या दिव्याबद्दल पत्र लिहा, हा प्रश्न तेव्हाही होता. ऋषिराजचं पत्र नेटकं होतं, एकही चूक नव्हती. ती शेवटच्या ओळींपर्यंत आली आणि थांबली.

'आपली विश्वासू, ऋषिराज युवराज.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग फोन मुलीसमोर ठेवला आणि त्या शब्दांवर बोट टेकवलं.

स्वरूपाने वाचलं. तिचे कान लाल झाले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मी आज कॉपी केली आसं लिवा."

"केलीस का?"

"न्हाय."

"मग?"

"कॉपी म्हणलं की शून्य मिळंल ना? मग कुणी काय इचारणार न्हाय." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आई ऋषीच्या घरी पेट्यांत पेरू भरायला जाती. शाळा सुटली की मी बी जाते. ऋषीचं कॉम्प्युटरचं समदं मीच करते. युवराज आण्णांना वाटतं त्योच करतो. त्याचं झालं की अर्धा तास माझा."

"काय करतेस त्या अर्ध्या तासात?"

पहिल्यांदाच मुलीने मान वर केली. "शिकते."

उत्कर्षाने तिला वर्गात पाठवलं. ती गेल्यावर गुरुजी आत आले, दार लोटून घेतलं आणि उभेच राहिले. टेबलावरच्या फोनमध्ये ते पत्र अजून उघडं होतं.

"दिसलं म्हणा तुमाला," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जूनमधीच वाचलं मी. बत्तीस वर्षं मराठी शिकवतोय, मॅडम." ते खुर्चीत टेकले. "आण्णा माणूस वाईट न्हाय. पण आपलं पोरगं दोन मार्काचं आन् पेरू भरणारीची पोरगी धाची, हे कळल्यावर ते तिला परत लॅपटॉपपाशी बसू देतील, आसं मला न्हाय वाटत."

"म्हणून नावं बदलायला सांगत होतात?"

"मी तिला काय देऊ शकतो, सांगा. ह्या हाफिसातल्या मशीनवर दिवसभर माझीच माहिती भरणं चालतं. ती शिकली ती आण्णांच्या घरी." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमी खरं तेच लिवा. मी आडवा येत न्हाय. फक्त खरं लिवून झालं की तुमी बारामतीला जाणार, आन् संध्याकाळी तिला त्या घरी जायचंय."

उत्कर्षाने यादी पुढे ओढली. गुरुजींबद्दल सकाळपासून मनात जे जमवत आणलं होतं, ते आता कुठे ठेवावं ते तिला कळेना. निवलेला चहा तिने उचलला आणि एका घोटात संपवला. मग सोळा आणि सतरा, दोन्ही क्रमांकांसमोर तिने लिहिलं, 'तांत्रिक अडचण. फेरचाचणी मार्चमध्ये.' आयुष्यात पहिल्यांदा तिने तक्त्यात खोटं भरलं होतं.

टॅबची पेटी गाडीत ठेवताना स्वरूपा फाटकाशी दिसली. उत्कर्षाने तिला जवळ बोलावलं. आपल्याला एक चांगला मार्ग सापडलाय, असं तिला मनापासून वाटत होतं.

"हे बघ, मार्चपर्यंत वेळ आहे. तोवर तू ऋषिराजलाच थोडं थोडं शिकव. त्यालाही आठ-नऊ मिळाले, की तुझ्या दहाकडे कुणी बोट दाखवणार नाही. तुझं लपवायलाही नको."

स्वरूपाने नीट ऐकून घेतलं. मोठ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून थांबावं तशी ती जराशी थांबली.

"त्याला यायला लागल्यावर, मॅडम," तिने विचारलं, "त्यो मला कशाला बोलवंल?"