खरखरीचे नऊ व्होल्ट

“या खणात मी चमचे ठेवू, की तुमची ही मेलेली डबी?” आई आजही पुटपुटली. बाबांना हा प्रश्न कधीच ऐकू येत नाही.

मित्रांनो, ती मेलेली डबी म्हणजे मी. पूर्वी माझ्यात आईची शिवणाची बटणं असत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाबांनी मला भोकं पाडली, पोटात तारा जोडल्या आणि लेकीच्या गिटार आणि स्पीकरच्या मधे बसवलं. वरचं बटण पायाने दाबलं की गिटारचा आवाज घसा बसल्यासारखा व्हायचा. लेकीने माझं नाव ठेवलं खरखरी.

झाकणाच्या आत बाबांनी लिहिलं, ‘फक्त ९ व्होल्ट.’

“शेजारची ती दुसरी डबी अठरा घेते की!” माझ्या बाजूला ठेवलेल्या विकतच्या डबीकडे बोट दाखवत लेक म्हणायची.

“तिचे अवयव तेवढे दणकट आहेत. हिच्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर सोळा व्होल्टांचा आकडा छापलाय, त्यापुढे तो फुटेल. ज्याची जेवढी भूक, तेवढंच त्याला वाढावं, बाई.”

तीन वर्षं मी नऊ व्होल्टांवर सुखात होते. तिचा अनवाणी अंगठा माझ्यावर टेकायचा. त्याची ऊब अजून आठवते.

मग मोठ्या सभागृहातला तिचा पहिला कार्यक्रम आला. लेक तारा जुळवत होती. हॉल पाहून बाबांचाच धीर सुटला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत मोकळा पोचावा म्हणून त्यांनी गुपचूप माझा अडॅप्टर काढून त्या दिवशी न लागणाऱ्या शेजारणीचा अठराचा लावला. मी ओरडणार कशी? तिसऱ्या गाण्यात माझ्या पोटात फट् झालं, जळका वास सुटला आणि सगळं गप्प. लोक हसले. ती मला दाबतच राहिली.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, “पाय जरा जोरात पडला असेल तुझा.”

तिने ते खरं मानलं. गिटार कपाटावर गेली. बाबांच्या कोटाच्या खिशात माझा नऊचा अडॅप्टर आईला सापडला. काय घडलं ते तिला कळलं, पण ती फक्त चमच्यांवरून कुरकुरत राहिली.

मित्रांनो, आम्हाला वीज देण्याआधी आमच्या अंगावरचे आकडे वाचा. कमी पडली तर आम्ही कुरकुरू, पण जगू. प्रेमापोटी जास्त वाढलेली मात्र सोसत नाही. आणि एवढं करूनही चुकलात, तर मला वर्षानुवर्षं खणात लपवू नका. एक कपॅसिटर बदलला तरी कदाचित मी पुन्हा गाईन.

आज लेक कपाटावरून गिटार उतरवत होती. मावसबहिणीला देऊन टाकणार होती. आईने मला खणातून काढून बाबांच्या पुढ्यात आपटलं.

“घ्या. आता चमच्यांना जागा झाली.”

बाबांनी माझं झाकण उघडलं. फुटलेल्या कपॅसिटरवर बोट ठेवलं.

“कशाला उघडताय, बाबा?” लेक म्हणाली. “माझ्याच पायाने मेली ती.”

“नाही गं,” बाबा म्हणाले. “अठरा व्होल्ट मी लावले होते.”