हुकाखालचा माणूस

रोलरकोस्टरचा डबा चढाच्या टोकाला पोचला, क्षणभर थबकला आणि सरळ खाली कोसळला. नणंदेने डोळे घट्ट मिटून घेतले. शेजारी बसलेली वहिनी मात्र पुढच्या वळणाला रूळ किती कलते केलेत, ते बघत होती.

खाली उतरल्यावर विस्कटलेले केस बांधता बांधता नणंद म्हणाली, "वहिनी, भीती घालवायला तुला आणलं आणि जीव माझाच अर्धा झाला."

वहिनी हसली, पण मनातून खट्टू झाली होती. ती उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायची. वरच्या केबिनमध्ये एकटी बसून वर्षानुवर्षं तिने लोखंड नि विटा अलगद जागेवर उतरवल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा अचानक वारा उठला, हुकाला टांगलेला सळयांचा भारा झुलला, आणि खाली उभं राहून तिला हाताने खुणा करणारे कामावरचे मामा बाजूला फेकले गेले. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. चौकशीत दोष वाऱ्यावर गेला. पण तेव्हापासून केबिनच्या शिडीला हात लावला की तिचे गुडघे लटपटत. उंचीची धास्ती बसली, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. वर जाणार की कायमची गोदामात बसणार, हे सोमवारी साहेबांना सांगायचं होतं. म्हणून हा नणंदेचा उपाय: दिवसभर उंचावरून गडगडत राहायचं, म्हणजे धास्ती मरेल.

सकाळपासून एकाही फेरीत तिच्या तळहाताला घाम आला नव्हता. मरायला धास्ती होतीच कुठे?

दुपारी सर्वांत उंच फेरीला एकच जागा उरली. तिने नणंदेला पुढे ढकललं. डबा चढू लागला, नणंदेचा पिवळा सदरा ठिपक्याएवढा झाला, आणि वहिनीने कठडा घट्ट धरला. गुडघे शिडीपाशी लटपटायचे तसेच लटपटू लागले. पाय तर जमिनीवर होते.

उंचीचा संबंधच नव्हता. आपलं माणूस लोखंडाच्या भरवशावर असलं की ती भीती यायची.

बटणापाशी बसलेल्या मुलीला तिने विचारलं, "दिवसभर माणसं वर पाठवतेस. धाकधूक होत नाही?"

"होते की. म्हणून तर पट्टे दोनदा ओढून बघते," मुलगी रुळावरची नजर न हलवता म्हणाली. "माझ्या आधी एक होता, त्याला काही वाटायचंच नाही. त्याला तिकीटखिडकीवर बसवलं."

डबा परत आला. नणंद उतरलीच नाही. आणखी एक फेरी, असं बोटाने खुणावून बसून राहिली. ती पुन्हा वर निघाल्यावर वहिनीने मामांना फोन लावला. खांद्याची चौकशी केली, मग म्हणाली, "मामा, सोमवारी मी वर जाणार आहे. वारा जरा वाढला की काम थांबवीन, साहेब काहीही म्हणोत. खाली तुमच्याऐवजी दुसरं कुणी राहिलं, तरी मला वाईट वाटणार नाही."

मामांच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"दुसरं कोण राहणार?" ते म्हणाले. "तुझा हात मला ठाऊक आहे. फक्त आता उजवा खांदा वर होत नाही, तेव्हा खुणा डाव्या हाताने करीन. गोंधळू नकोस."

"कशा कराल ते सांगा," ती म्हणाली. मामा सांगत गेले तशी डावा हात उंच करून ती एकेक खूण करून बघू लागली. रांगेतली माणसं बघतच राहिली. वर चढाच्या टोकाशी नणंदेला वाटलं, वहिनी आपल्यालाच हात करतेय. तिने दांडीवरचा एक हात सोडला आणि जोरात हलवला.