शुक्रवारचा खटका

“आधी पंखा बंद कर, भूमी. मग ऐक. येतोय का आवाज?”

तीस वर्षांपूर्वी मस्कतहून आलेल्या कॅसेटमधून तिचा नवरा राजलिंगम असं विचारायचा, आणि भूमव्वा रिकाम्या घरात मान हलवून ‘येतोय’ म्हणायची. आजही दुपार झाली तशी तिनं हात लांबवून पंखा बंद केला. शुक्रवार होता. मस्कतला सुट्टी, म्हणजे मुलाच्या फोनची वेळ.

“अहो अम्मा, मी इथं घामानं भिजलोय,” स्टुलावर चढलेला श्रीशैलम ओरडला. केबल-नेटच्या कामात त्याची वीस वर्षं गेली होती. भिंतीतल्या फळीवरचा राऊटर काढायला त्यानं हात घातला, तर त्यावर विड्यांनी भरलेलं सूप. “हे काय? हा राऊटर आहे की चूल?”

“ऊबदार असतो रे तो. पावसाळी हवेत विड्या छान सुकतात.”

“आणि तिकडून तुमचा महिपाल आमच्या ऑफिसला शिव्या घालतो. महिन्यात चौथी तक्रार! म्हणतो, आईचं तोंड दिसलं की नेट मरतं.”

“माझं तोंडच तसं आहे,” भूमव्वा म्हणाली आणि मांडीवरच्या तेंदूच्या पानात तंबाखू भरू लागली. तिची बोटं कधी चुकत नसत. पान गुंडाळायचं, नखानं तोंड मुडपायचं, दोऱ्याचे दोन फेरे. मान मात्र दाराकडे, उजेडाकडे वळलेली.

श्रीशैलमनं सूप खाली ठेवलं, राऊटर पुसला, वायरचं टोक कापून नवं बसवलं. ऑफिसला फोन लावून विचारलं. तिथून सांगितलं, सिग्नल एकदाही तुटलेला नाही. दर शुक्रवारी याच वेळेला या घरातली वीजच जाते. त्यानं पंख्याकडे पाहिलं. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता.

तक्रार आली की श्रीशैलम दर वेळी फोनवरून तिला विचारायचा, राऊटरचा दिवा कुठला लागलाय, आणि ती दर वेळी सांगायची, लाल. आता त्यानं सहज विचारलं, “बघा अम्मा, आत्ता कुठला आहे?”

तिनं फळीकडे तोंड केलं.

“लालच की.”

दिवा हिरवा होता. पाखराच्या पिलाच्या छातीसारखा धपापत होता.

श्रीशैलम स्टुलावरून उतरला. बांधून ठेवलेला विड्यांचा एक कट्टा त्यानं उगाचच उचलला. त्याच्या आईनंही जन्मभर विड्याच वळल्या होत्या. कारखान्यानं लाल दोरा बंद करून हिरवा सुरू केल्याला दोन महिने झाले होते, हे मेटपल्लीच्या आसपास घरोघरी ठाऊक होतं. या कट्ट्यात तीन विड्या हिरव्या, दोन लाल, पुन्हा एक हिरवी. वळण मात्र एकेकीचं सुबक. त्यानं कट्टा होता तसा ठेवून दिला.

फोन वाजला. भूमव्वाचा अंगठा काचेवर नेमका फिरला. पानांच्या डब्याला टेकवून तिनं फोन उभा केला.

“जेवलीस का अम्मा?”

“जेवले. तू काय रांधलंस?”

“डाळ. जळली. नेटवाला आला का?”

“आलाय. शिव्या मोजून घेतोय तुझ्या.”

महिपाल हसला. मग त्याचा आवाज खाली आला. “अम्मा, आज तरी बघ. मौनिकाचा भाऊ माझ्याच खोलीत राहतो. रोज विचारतो, तुझ्या आईनं माझ्या बहिणीचा फोटो बघितला का. त्यांच्याकडे दुसरं स्थळ आलंय. संध्याकाळी मला हो की नाही ते सांगायचंय. तू बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही, माहीत आहे ना तुला? थांब. हा बघ, धरला. दिसतोय?”

भूमव्वाचा डावा हात पाठीमागं गेला. भिंतीवरचा विजेचा बोर्ड तिच्या पाठीशीच होता.

खट.

फळीवरचे सगळे दिवे विझले. मुलाचा आवाज मधेच तुटला.

“गेलं बघ,” ती म्हणाली.

शेजारच्या टीव्हीवर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

“पाहिलंस तू,” ती म्हणाली.

“पाहिलं, अम्मा.”

ती दोऱ्याचं रीळ चाचपत राहिली.

“त्याच्या बापाच्या कॅसेटमधेही असाच खट यायचा. बोलता बोलता खट, मग पुन्हा आवाज, घसा साफ केल्यासारखा. मला वाटायचं, टेपच बिघडलाय. दोनदा मेटपल्लीला नेऊन दुरुस्त केला. दुकानदार म्हणायचा, काही झालेलं नाही याला. मग माणूस घरी आला. हाडांची मोळी नुसती. पहिल्या रात्री खोकला, तेव्हा कळलं मला, कुठल्या खटमधे काय होतं. म्हटलं, सांगायचं नाही का? तर म्हणाला, तू परत बोलावलं असतंस.” तिनं रीळ खाली ठेवलं. “बतुकम्माच्या सणाची फुलं यायच्या आत गेला.”

“तुम्हाला कधीपासून, अम्मा?”

“उगादीपर्यंत सावल्या होत्या. मग त्याही गेल्या. जगत्यालचा डॉक्टर म्हणाला, काचबिंदू. गेलं ते येत नाही.”

“महिपालला सांगा की.”

“सांगितलं की सगळं टाकून येईल तो. दाराशी बसून मला भात कालवून देईल. मग त्याच्या लग्नाचं काय, कामाचं काय? पोरगी कोण देणार त्याला?”

“आणि नाही सांगितलं तर?”

तिनं रीळ पुन्हा चाचपून उचललं.

श्रीशैलमनं वाकून खटका वर केला. “दोन मिनिटं लागतात,” तो म्हणाला, आणि फळीकडे बघत हळूहळू सांगू लागला, “लाल आहे. अजून लाल. आता लुकलुकतोय. हां, हिरवा.”

फोन वाजला. या वेळी महिपाल जेवणाचं काही बोलला नाही.

“अम्मा, तुला ती पसंत नसेल तर तसं सांग ना. चार शुक्रवार झाले. फोटोचं नाव काढलं की नेट जातं. मला काय कळत नाही?”

श्रीशैलम पुढं झुकला. “महिपाल, चूक आमची आहे. राऊटर जुना झालाय. उद्या नवा आणून—”

भूमव्वाचा हात बोर्डाकडे गेला. बोट खटक्यावर टेकलं. श्रीशैलमनं पाहिलं, पण तिला अडवलं नाही. बराच वेळ ते बोट तिथंच राहिलं. मग हात परत आला.

“श्रीशैलम, तू गप रे,” ती म्हणाली.

डब्याला टेकवलेला फोन तिनं दोन्ही हातांत घेतला आणि चेहऱ्यासमोर धरला. फोन पाठमोरा होता. महिपालला बहुधा नुसतं समोरचं दार दिसत असावं.

“पंखा बंद केलाय मी. नीट ऐक. लाईन चांगली आहे, बाळा. खटका मीच पाडते. मला तो फोटो दिसत नाही. तूसुद्धा दिसत नाहीस.”