तीनपासून सुरू होणारी पट्टी

३

मित्रांनो, आधीचं पान फाटलेलं नाही. मी एक जुनी फूटपट्टी आहे आणि माझी सुरुवातच तीनपासून होते. शून्य, एक आणि दोन माझ्यापाशी नाहीत. त्यामुळे मी कुठल्या कारखान्यात जन्मले, साच्यात ओतताना प्लास्टिक किती गरम होतं, हे मला सांगता येणार नाही. ते सगळं तुटलेल्या तुकड्याबरोबर गेलं. तो तुकडा नाशिकला सिडकोतल्या ‘मोहिनी झेरॉक्स’ नावाच्या दुकानात, टेबलाच्या अडकलेल्या खणात पडला आहे. खण उघडावा म्हणून मोहिनीनं मला फटीत घालून जोर लावला होता. खण उघडला नाही, मी मात्र मोडले. खण आजही बंद आहे. आत आणखी काय असेल, याचं मला फार कुतूहल वाटतं.

४

मी पारदर्शक आहे. वहीवर ठेवली की खालची अक्षरं माझ्यातून वाचता येतात. चांगली होते तेव्हा गिऱ्हाईक मला हातात घेऊन म्हणायचे, “वा, स्वच्छ दिसतंय!” मोडल्यावर मी गिऱ्हाइकांच्या नजरेआड गेले. अख्खी वस्तू गिऱ्हाइकाला आणि मोडकी मालकाला, असा दुकानांचा रिवाजच आहे. मोहिनी कागद कापायला मलाच घ्यायची आणि मनातल्या मनात तीन वजा करायची. तिला त्याची इतकी सवय झाली की आपण वजा करतो आहोत हेही ती विसरली.

मग दिंडोरीहून तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे सावळीराम नानांनी, मेथीच्या जुड्या पाठवल्या. एका जुडीत गोगलगाय निघाली. मोहिनी आधी किंचाळली. मग खाली बसली आणि बघतच राहिली.

दुकानामागच्या खोलीत काचेची पेटी आली. पेटीत माती, काकडीचे काप, अंड्याच्या टरफलांचा चुरा. नाव ठेवलं विनाथांबा. एस.टी.च्या पाटीवर असतं ना, तेच. प्रत्येक पानावर थांबणाऱ्या प्राण्याला याहून शोभेल असं नाव दुसरं नव्हतं.

५

तुम्हाला ठाऊक आहे का, गोगलगायी पाळणाऱ्यांचा फोनवर एक गट असतो? मलाही ठाऊक नव्हतं. गटाचं नाव ‘शंखसोबती’. गटप्रमुख सिन्नरचा संतोष. तो कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजून पास-नापास ठरवतो. गटाचे नियमही त्यानंच लिहिले आहेत. ते मोहिनीनं छापून पेटीवर चिकटवले, म्हणून मला रोज वाचता येतात.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. फ्लॅश नको, त्यांनाही डोळे आहेत.

फोटोत बाजूला पट्टी हवीच. हात दिसू नये, हात लहानमोठे असतात.

‘मेली का?’ असं विचारू नका. ‘हलत नाही’ असं लिहा.

बोलून निरोप टाकू नका. लोक कामावर असतात.

मिठाचं नाव काढू नका.

पाककृती टाकणाऱ्याला लगेच बाहेर काढलं जाईल.

दुसऱ्याचा प्राणी आपला म्हणून दाखवणाऱ्यालाही.

अंडी कुणाला देऊ नका, बाहेर फेकू नका. आपला लाड दुसऱ्याच्या पिकाचा काळ होतो.

दुसरा नियम वाचलात ना? त्या नियमामुळे मला पुन्हा काम मिळालं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गटात मोजणी असे आणि विनाथांबाशेजारी मी झोपत असे. मोहिनी तिला माझं मोडकं टोक सोडून ठेवायची. चारवर शंखाचं निमुळतं टोक, दहावर तोंडाकडचं. खाली लिहायची, ‘सहा’, म्हणजे सहा सेंटिमीटर. कुणी शंका घेतली नाही. मोडक्या टोकाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

६

एप्रिलात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आले. पेटी बघून ते दारातच थबकले.

“आमी बागेत बादल्या भरभरून वेचतो, मिठात टाकतो. अन् तू हिला काकडी चारती?”

“नाना, तिच्यासमोर मीठ म्हणायचं नाही,” मोहिनी म्हणाली.

“का? ऐकू येतं का तिला?”

मोहिनीनं हा प्रश्न गटात टाकला. गोगलगायीला कान नसतात, असं कळलं. नाना खूश झाले आणि दिवसभर मीठ, मीठ म्हणत घरात फिरले. मोहिनी हसली, पण त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातली मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. नानांनी ते पाहिलं.

मग चांदवडला मोहिनीच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. डोळ्यात औषध घालायचं असल्यामुळे नाना मागे राहिले. जाताना मोहिनीनं दुकानाचा फोन त्यांच्या हातात दिला. “गिऱ्हाइकांचा फोन आला तर सोमवारी या म्हणा. आणि हिला सांभाळा.”

“सांभाळतो की. जा तू.”

ती रिक्षात बसली, पुन्हा उतरली, पेटीकडे एकदा बघून गेली. तेही नानांनी पाहिलं.

७

सातावर आत्ता कुणीतरी बसलं आहे. जागा मोकळी झाली की इथलं सांगते.

८

दुपारी खोली तापली. नाना बनियनवर बसले होते. त्यांना पेटीची दया आली. “तुलाही उकडत असल,” असं म्हणून त्यांनी टेबलपंखा पेटीकडे वळवला आणि झाकण बाजूला केलं. स्वतः घाम पुसत बसले.

मित्रांनो, मायेनं केलेली ही चूक होती. गोगलगायीला वारा नको असतो, ओल हवी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी माती भुरभुरीत झालेली, काकडी वाळलेली आणि विनाथांबा आत शिरून दार लावून बसलेली. शंखाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा चढला होता. नानांनी टिचकी मारली. हाक मारली. काकडी बदलली. काही नाही.

तेवढ्यात मोहिनीचा फोन आला. “नाना, डोळा कसा आहे? आणि विनाथांबा खातेय ना?”

“झोपलीय,” नाना म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते खाटेवर बसले आणि रिकाम्या खोलीत बोलले. ऐकायला मी एकटी होते.

“संपलं. पोरगी म्हणनार, म्हाताऱ्यानं मीठ टाकलं.”

९

दुकानाच्या फोनवर तो गट होता. नानांनी तो शोधून काढला आणि बोलून निरोप टाकला. गटात नाव दिसत होतं मोहिनीचं आणि आवाज येत होता नानांचा.

“राम राम. मी मोहिनीचा सासरा बोलतोय. पहिलं सांगतो, मी मीठ टाकलेलं नाय. ती मेली का ते सांगा.”

एका निरोपात तीन नियम मोडले. गट खवळला. नाशिकरोडच्या मीनाताईंनी लिहिलं, ‘काका, मिठाचं कुणी विचारलं होतं का? तुम्हीच आधी का सांगताय?’

नानांनी फ्लॅश मारून फोटो टाकला. पुन्हा गोंधळ. मग संतोषनं शांतपणे लिहिलं, ‘नाना, खिडकीपाशी न्या. बाजूला पट्टी ठेवा. मग फोटो.’

नानांनी मला उचललं. त्यांनी शंख माझ्या टोकाला बरोबर भिडवला. कुणीही असंच करेल, मोजणी टोकापासूनच करतात. मी हलू नये म्हणून घाबरून ते टोक अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला. मग शंखाच्या दुसऱ्या टोकाशी वाकून आकडा वाचला आणि पुन्हा बोलून कळवलं, “नऊ भरली.”

मग मीनाताई आल्या.

‘या महिन्याच्या मोजणीत सहा होती. आता नऊ? ही विनाथांबा नाही. जुनी मारली आणि बागेतली मोठी आणून ठेवली. वरून आम्हाला विचारतात मेली का!’

आणखी लोक आले. कुणी रागाचं चित्र टाकलं, कुणी रडकं. कुणी लिहिलं, नियमाप्रमाणे हा नंबर बाहेर काढा. मीनाताईंनी लिहिलं, ‘मी मोहिनीताईंना त्यांच्या दुसऱ्या नंबरवर फोन करते. त्यांना कळायला हवं.’

नाना फोन तोंडाशी धरून म्हणाले, “नको ताई. ती लग्नात हे. आयुष्यभर मारल्या मी, कबूल. बाग वाचवायची तर मारावं लागतं. पण ही नाय मारली. हिला माझ्यापाशी ठुलं होतं तिनं.”

आणि मी त्यांच्या मुठीत होते, मित्रांनो. सगळा उलगडा त्यांच्या अंगठ्याखाली होता. पट्टीला आकडे असतात, तोंड नसतं.

१०

संतोषचा निरोप आला.

‘मीनाताई, जरा थांबा. आमच्याकडे एखादा भाग मापात बसला नाही, तर आधी माप तपासतात. भाग नंतर. नाना, अंगठा काढा. पट्टीची सुरुवात दिसू द्या.’

“सुरुवात?” नाना पुटपुटले. त्यांनी अंगठा काढला. मला उजेडात धरलं आणि आधी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बघितलं. नव्या डोळ्याला दिसलं. “आरं तिच्या! हिचं मुंडकंच नाय!”

फोटो गेला. गटात कुणीतरी लिहिलं, ‘नऊ वजा तीन’. दुसऱ्यानं लिहिलं, ‘सहा’. तिसऱ्यानं नुसतं जोडलेल्या हातांचं छोटं चित्र टाकलं. मीनाताईंनी लिहिलं, ‘काका, चुकले. आता लवकर सांगा, पंखा लावला होता का?’

“व्हय. तिलाच लावला होता.”

‘बंद करा. कोमट पाणी शिंपडा. भिजवू नका, नुसतं शिंपडा. अंधार करा आणि वाट बघा.’

शिंपडायला काही सापडेना. नानांनी हातानं पाणी उडवून बघितलं, मोठे थेंब पडले. “अशी फवारणी केली तर बागेतनं हाकलून देतील मला,” असं म्हणत त्यांनी इस्त्रीची पाणी मारायची बाटली शोधली. खिडकीला चादर लावली. मला पेटीच्या झाकणावर ठेवून ते शेजारी बसले.

ऊन उतरलं. पापुद्र्याची एक कड ओली झाली, मग सुटली. आतून मऊ, करडं काहीतरी बाहेर आलं. आधी दोन गाठी दिसल्या. मग त्या गाठी लांबल्या आणि हातमोज्याचं उलटं गेलेलं बोट सरळ व्हावं तसे त्यांच्या टोकांना डोळे आले.

नाना पेटीवर वाकले.

“बादल्या भरल्या मी,” ते हळूच म्हणाले, “पण हे कधी बघितलंच नाय. आमी पोचायचो तवर त्यांचे डोळे बाहेर असायचे, नायतर आत.”

त्यांनी गटात लिहिलं. बोलले नाहीत, एका बोटानं, वेळ लावून लिहिलं. ‘हलते.’

११

मोहिनी परत आली, तिनं गटातलं सगळं वाचलं. मग नानांसमोर बसली.

“मला फोन का नाही केलात?”

“तू म्हणली असती, म्हाताऱ्यानं घात केला.”

नाही म्हणणं सोपं होतं. पण मोहिनी म्हणाली, “वाटलं असतं, नाना. क्षणभर तरी वाटलंच असतं. तुमच्या अंगठ्याकडे मीही बघितलं नसतं. आणि पट्टी तर माझीच.”

“मिठाची बरणी खाली घे मग. वरनं काढताना खांदा दुखतो.”

ती हसली, उठली आणि तिनं बरणी खाली घेतली.

गटाच्या नियमांत एक ओळ वाढली. पट्टीचं शून्य दिसलं पाहिजे. मोहिनीनं नवी यादी पेटीवर चिकटवली. ती वाचूनच मला कळलं की माझं काम संपलं. माझ्यामुळे झालेला नियम, आणि त्या नियमात मीच बसत नाही. मोहिनीनं दुकानातून अख्खी पट्टी आणली. मला केराच्या टोपलीत टाकणार, तेवढ्यात नाना म्हणाले, “आन इकडं.” त्यांनी मला पेटीत मातीत तिरकी खोचली. मोडकं टोक खाली. “हिला चढायला.”

७

आता मोकळा झाला.

इतका वेळ सातावर विनाथांबा बसली होती. आता ती आठाकडे सरकते आहे. मी पारदर्शक असल्यामुळे मला तिचं पोट खालून दिसतं. बारीक लाटा सरकतात, एकामागून एक, आणि तरीही ती इतकी सावकाश कशी जाते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

नाना दिंडोरीला परतले. बागेत वेचणी चालूच आहे. ते गटात आहेत, पण त्याबद्दल तिथे लिहीत नाहीत. नियम आहे ना. परवा त्यांनी एकच प्रश्न टाकला. ‘आधी कोणता डोळा बाहेर येतो, डावा का उजवा?’

कुणालाच माहीत नव्हतं. मीनाताई म्हणाल्या, डावा. संतोष म्हणाला, मोजल्याशिवाय सांगणार नाही. तेव्हापासून सगळा गट आपापल्या पेटीसमोर वाकून बसला आहे.

मित्रांनो, मोडक्या पट्टीचं एवढंच मागणं आहे. मोडलेली वस्तू जरूर वापरा, पण ती कुठे मोडली आहे हे दुसऱ्याला सांगून ठेवा. आणि कुणाचं माप चुकलेलं दिसलं, तर त्याला आधी अंगठा उचलायला सांगा. कदाचित तो भीतीनं दाबलेला असेल.

डोळ्यांचं विचाराल तर मी सगळ्यांत जवळून बघते आहे. काल डावा आधी आला. आज उजवा. जरा थांबा, ती पुन्हा आत गेली आहे.